चित्रातला अंगठा

मुलीनं मुलाचं घर बघायला जायचं नसतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. घर बघायला पुरुष माणसं जातात. भिंती बघतात, दारात जनावर असलं तर जनावर बघतात, चहा पितात, कोपऱ्यावरच्या दुकानात सुपारी मागता मागता हळूच चौकशी करतात आणि परत येऊन बायकांना सांगतात, माणसं चांगली आहेत. चांगली म्हणजे काय, हे विचारायची सोय नसते. मी विचारायची. म्हणून आमच्या वस्तीत माझं नाव तोंडाळ म्हणून पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानच होता.

दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. मी डी.एड. करून घनसावंगीच्या बाजूला एका खेड्यात झेडपीच्या शाळेत नुकतीच लागले होते. आमच्या बौद्धवस्तीतली नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. त्यामुळं स्थळं येत होती आणि प्रत्येक स्थळात मी काहीतरी खोट काढत होते. आई टेकीला आली होती.

मग जालन्याचं स्थळ आलं. मुलगा हायस्कूलात ड्रॉइंग मास्तर. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. हे स्थळ आणलं माझ्या मामानं. मामाचं शहागडला हायवेवर पंक्चर काढायचं खोपटं होतं. ट्रकचं चाक उतरवून ठेवलं की ड्रायव्हरला बोलण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो, त्यामुळं साऱ्या मुलखाची खबर मामाकडं पहिल्यांदा यायची. अशाच एका ड्रायव्हरनं त्याला सांगितलं होतं की, मास्तरच्या चित्राला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालंय, जालन्याच्या नव्या वसाहतीत त्यांचं घर आहे, आणि मुलगा बिडीसुद्धा ओढत नाही.

"मला ते चित्र बघायचंय," मी म्हणाले.

"चित्र बघून काय समजतंय?" आई म्हणाली. "चित्रासंगं संसार करायचाय का?"

"माणूस कुठं बघतो ते समजतं," मी म्हणाले. आईनं कपाळाला हात लावला.

शेवटी असं ठरलं. प्रदर्शनाला कुणीही जाऊ शकतं, शाळेच्या बाई तर हक्कानं जाऊ शकतात. तेव्हा मी मामाबरोबर जालन्याला जायचं आणि चित्रं बघायची. नंतर मामानं एकट्यानं घरी जायचं, मी स्टँडवर बायकांच्या बाकड्यावर बसून राहायचं. मास्तरच्या घरी मामानं त्याच दिवशी शब्द द्यायचा होता. होय असेल तर येत्या रविवारी ते मुलगी बघायला येणार, नाही तर विषय संपला. म्हणजे माझ्या हातात फक्त एक दिवस होता. आणि मी स्वतः जालन्याला गेले होते हे वस्तीबाहेर कुणाला कळलं, तर पुढचं स्थळ यायची आशा नव्हती.

पहाटेच्या एसटीनं निघालो. अंबड येईपर्यंत मामानं मला चार वेळा बजावलं. "तितं तोंड उघडायचं न्हाई. बघायचं अन् जल्दी निघायचं. तुला बराबर सांगून राह्यलो." मी खिडकीतून बाहेर बघत होते. पुढच्या सीटवर आमच्या केंद्रशाळेचे एक गुरुजी बसले होते. ते अंबडला उतरेपर्यंत मी पदर डोक्यावरून खाली येऊ दिला नाही. 

प्रदर्शन नव्या जालन्यात एका शाळेत होतं. परिसरातल्या ड्रॉइंग मास्तरांनी मिळून भरवलेलं. वर्गातली बाकं बाहेर व्हरांड्यात रचली होती, फळ्यांवर सतरंज्या टाकून त्यांना टाचण्यांनी चित्रं लावली होती, आणि जिथं सतरंज्या पुरल्या नाहीत तिथं सुतळी ओढून चिमट्यांनी टांगली होती. मी याआधी प्रदर्शन असं पाहिलंच नव्हतं. दारात मुलांनी रांगोळी काढली होती. ती मी जपून ओलांडली.

पहिल्या खोलीत सगळी निसर्गचित्रं. बर्फाचे डोंगर, समुद्र, समुद्रावर वाकलेल्या माडांच्या रांगा. ही चित्रं काढणाऱ्यांपैकी किती जणांनी समुद्र पाहिला होता कोण जाणे. परतूरचा एक मास्तर तर माड काढण्यात फारच पटाईत निघाला, त्याची चार चित्रं होती आणि चारींत माड. मामा खूश झाला. "काय हिरवंगार हाय बघ," तो म्हणाला. दुसऱ्या खोलीत पुढाऱ्यांची तोंडं, कोट घातलेली. मी त्या दोन खोल्यांतून घाईघाईनं गेले. मला तिसरी खोली हवी होती. तिथं माणसांची चित्रं आहेत असं दारावरच्या मुलानं सांगितलं होतं.

ते मधल्या भिंतीवर होतं. हातभर रुंद, जलरंगातलं, कोपऱ्यात लाल रिबिनीचं फूल. खाली चिठ्ठी होती: श्रम. प्रथम क्रमांक. आणि त्याचं नाव.

खडीच्या ढिगाशी एक बाई बसली होती. काठ्यांवर फाटकं पोतं बांधून सावली केलेली, पण सावली तिच्यावर पडत नव्हती, मागं सरकली होती. दुपार झाली की ती अशीच सरकते, आणि उठून पोतं हलवायला वेळ नसतो. बाईच्या पापण्यांवर पांढरी धूळ होती. टाचांच्या भेगांत तीच धूळ. उजव्या हातात हातोडी वर गेलेली. चेहरा असा की, ती काही विचार करत नाहीये, फक्त मोजते आहे.  हे खरं होतं. दुष्काळात मॅट्रिकची परीक्षा देऊन मी आईबरोबर सडकेच्या कामावर गेले होते, सगळा उन्हाळा खडी फोडली होती. हा माणूस तिथं होता, यानं बघितलंय, असं वाटून मी जवळ सरकले. लाजेची गोष्ट आहे पण सांगते, त्या क्षणाला मी मनातून होय म्हणून टाकलं होतं.

मग माझी नजर तिच्या डाव्या हातावर गेली.

डावा हात दगडावर होता. उघडा. पाच बोटं मोकळी पसरलेली, अंगठा ऐटीत बाहेर, नख गुळगुळीत आणि गुलाबी. ज्यानं खडी फोडली नाही त्याला यात काही वावगं दिसणार नाही. पण आम्ही कामावर होतो तेव्हा मामानं जुन्या ट्यूबचे बोटबोटभर तुकडे कापून पाठवले होते. ते अंगठ्यावर आणि पहिल्या दोन बोटांवर चढवायचे, मगच दगड धरायचा. हातोडी दहा वेळा दगडावर बसते, अकराव्यांदा बोटावर. रबर असलं तर नख काळं पडतं, नसलं तर नख राहतच नाही. रबर लावूनसुद्धा माझ्या दोन नखांवर आडव्या रेघा उठल्या होत्या, त्या अजून आहेत.

आणि या बाईच्या हाताला काहीच नाही. लग्नात मेंदी काढायला पुढं केल्यासारखा हात.

माझं डोकंच फिरलं. इतकं सगळं बरोबर काढून माणूस तिथंच का खोटं बोलतो? मला फसवल्यासारखं झालं. शेजारी दोन बाया उभ्या होत्या, शिक्षिका असाव्यात. एक म्हणाली, "हात किती गोड काढलाय, नाही?" आणि मामानं दिवसभर जे बजावलं होतं ते सगळं पाण्यात गेलं.

"गोड कसला?" मी म्हणाले. "या बाईनं एक दिवस जरी खडी फोडली असती ना, तर हा अंगठा राहिला नसता."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. खोलीतली माणसं वळली. खिडकीशी एक बारकासा, सावळा माणूस उभा होता, पांढरा बुशशर्ट, बोटांना निळा रंग. मला वाटलं प्रदर्शनाची व्यवस्था बघणारा असेल. तो जवळ आला आणि अगदी हळू विचारलं, "कुठं चुकलंय?"

आता थांबायचं ते मी थांबले नाही. मी त्याला रबराचं सांगितलं. दगड कसा धरतात ते हवेत हात धरून दाखवलं. वर म्हणाले, "काढणाऱ्यानं लांबून बघून काढलंय. सावलीत उभं राहून."

त्यानं चित्राकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं, मग परत चित्राकडं. "बराबर आहे तुमचं," तो म्हणाला. "राहत नाही." आणि खोलीबाहेर निघून गेला.

मामानं माझा दंड धरला. "चल. अगुदर बाहेर चल."

बाहेर रस्त्यावर येऊन तो माझ्यावर चिडेल असं मला वाटलं होतं, पण त्याला हसू येत होतं. "काय बोललीस गं! सारे मास्तर गप झाले." मला हसू येत नव्हतं. मी म्हणाले, "मामा, नाही सांग." तो म्हणाला, "अंगठ्यासाठी ना म्हणायचं का? आधी घर तर बघू."

आम्ही नवी वसाहत शोधत निघालो. जालना तेव्हा उसवल्यासारखं बाहेर पसरायला लागलं होतं. काल ज्वारी उभी असेल त्या रानात आज चुन्याच्या फक्क्या मारून चौकोन पाडले होते. कुठं पाया, कुठं नुसता विटांचा ढीग, कुठं एकच घर पूर्ण बांधलेलं आणि त्याच्या चारी बाजूंना काहीच नाही, आणि त्या घराच्या दारात खुर्ची टाकून एक म्हातारा ऊन खात बसलेला. रस्त्यावर खडी पसरलेली होती, अजून रोलर फिरला नव्हता. चपलेतून खडे टोचत होते. मला चालता चालता वाटलं, ही आमचीच खडी असेल. तसं असायचं कारण नव्हतं, पण वाटलं.

मामानं नंबर विचारत विचारत प्लॉट काढला. चार कोपऱ्यांना चार दगड, मध्ये बाभळीचं झुडूप. झुडपाला एक शेळी बांधलेली. घर नव्हतंच.

"ड्रायव्हर तर घर हाय म्हणला," मामाचा चेहरा उतरला.

माझा राग आता चांगलाच पेटला. चित्रात खोटं, घराचं खोटं. मी म्हणाले, "आता मी स्टँडवर बसणार नाही. ते राहतात कुठं ते मला बघायचंय. आणि तोंडावर विचारायचंय."

मामानं खूप समजावलं. वसाहतीच्या त्या मोकळ्या उन्हात आम्ही दोघं भांडत उभे होतो आणि तो म्हातारा खुर्चीतून आमच्याकडं बघत होता. शेवटी मामा हरला. ठरलं असं की, मी मामाची धाकटी मुलगी. डोळे तपासायला जालन्याच्या दवाखान्यात आणलेली.

टांग्यानं पुलावरून जुन्या जालन्यात आलो. तिथं सगळंच एकमेकांना चिकटलेलं. धान्याच्या आडतींसमोर बैलगाड्या, कापडाच्या दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं, अरुंद बोळात दोन सायकली समोरासमोर आल्या की एकीनं मागं जायचं. पण तिथंही बदल चालू होता. एका घराचा माळवदाचा अर्धा भाग पाडून सिमेंटचा सज्जा काढला होता, शेजारी बोर्ड रंगवणाऱ्याचं नवं दुकान, दारात वाळत घातलेल्या पाट्या: बी-बियाणे, मोटार रिवाइंडिंग, टेलरिंग. मी एकेक पाटी वाचत चालले होते. बोळाच्या टोकाला बौद्धवाडा सुरू झाला. मास्तरचं घर शेवटचं, दोन खोल्यांचं, पांढऱ्या मातीनं नुकतंच पोतारलेलं.

त्याची आई दारात आली. उंच, हाडकुळी, पंचेचाळिशीची. लुगड्याचा पदर डाव्या खांद्यावरून घेऊन तिनं डावा हात कोपरापासून पुढं त्यात गुंडाळला होता. जयभीम झाला. मामानं डोळ्यांच्या दवाखान्याची गोष्ट सांगितली. तिनं माझ्या डोळ्यांकडं बघितलं आणि नुसतं "बसा" म्हणाली.

भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं, मास्तरनंच काढलेलं असणार. ते चांगलं होतं, आणि चांगलं आहे हे मला आवडलं नाही. बाई चहा करायला आत गेली. मग कप घेऊन बाहेर आली, मामाला दिला. परत आत गेली, एक कप घेऊन बाहेर आली, मला दिला. बशीही नाही. मला वाटलं, हिला आमचं येणं आवडलेलं नाही आणि ती तसं दाखवते आहे.

मामानं प्लॉटचा विषय काढला. ती म्हणाली, "प्लॉट हाय. घर न्हाई. घर हाय असं आमी कुणाला बोललो बी न्हाई. कोण म्हणलं तुमाला?"

मामा ड्रायव्हरचं नाव घेणार तेवढ्यात दारात सायकल लागली आणि मास्तर आत आला. पांढरा बुशशर्ट, बोटांना निळा रंग.

तो उंबऱ्यातच थांबला. मी कप खाली ठेवला. पळून जायला त्या खोलीला एकच दार होतं आणि त्यात तो उभा होता.

"हे शहागडहून आलेत," आई त्याला म्हणाली. "त्यांची पोरगी हाय, डोळे दाखवायला आणली."

तो एका क्षणात सगळं समजला. हे मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. पण त्यानं ओळख दाखवली नाही. "बसा, बसा," म्हणाला आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसला. मला वाटलं, सुटलो. आता चहा संपवायचा, उठायचं, जायचं. मास्तर बोलणार नाही. मी तर जन्मात बोलणार नाही.

पण मामा होता.

"अरे! तुमीच व्हय मंग!" मामा मांडीवर थाप मारून हसला. "सकाळी आमच्या पोरीनं तुमच्यासमोरच तुमच्या चित्राची चूक काढली की!" त्याला खरोखर गंमत वाटत होती. पोरगी हुशार आहे हे दाखवायची यापेक्षा चांगली संधी कुठली, असं त्या भाबड्या माणसाला वाटलं.

"कसली चूक?" आईनं विचारलं.

"काही नाही, आई," मास्तर म्हणाला.

"मला ऐकू दे." ती माझ्याकडं वळली. "तू सांग."

 मी पुटपुटले, "बोटाला रबर नव्हतं… चित्रातल्या बाईच्या."

"अशी न्हाई म्हणली ती," मामा म्हणाला. "म्हणली, या बाईनं एक दिवस जरी खडी फोडली असती, तर हा अंगठा राह्यला नसता!"

मास्तरनं डोळे मिटले. बाईनं पदर सोडला. डावा हात बाहेर काढून तिनं स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. चार बोटं होती. अंगठ्याच्या जागी चकाकणाऱ्या कातडीचा एक गोळा होता.

"न्हाईच राह्यला," ती म्हणाली.

 बाहेर बोळात कुणीतरी कल्हईवाल्याशी घासाघीस करत होतं, त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

तिनंच सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. दुष्काळात ती मंठ्याच्या रस्त्यावर खडी फोडत होती. अंगठा चेचला. चिंधी बांधून आठ दिवस तसंच काम केलं, मग तो सडला, मग दवाखान्यात काढला. मास्तर तेव्हा शिकायला बाहेरगावी होता. त्याला तिनं कळवलंच नाही. तो आला तेव्हा जखम भरली होती.

"तू फोडली का खडी?" तिनं मला विचारलं.

"हो."

"अन् रबर?"

"मामानं पाठवलं होतं. ट्यूब कापून."

"तुला मामा व्हता पंक्चरवाला," ती म्हणाली. "मला कोण व्हतं?"

मामाचं हसू कधीच गेलं होतं. तो जमिनीकडं बघत होता.

"चित्राला मीच बसले," ती पुढं म्हणाली. "ह्यानं आधी हात हाय तसाच काढल्ता. मीच म्हणले, पुसून टाक. पुरा काढ, रबर नको अन् चिंधी बी नको, साऱ्यांना दिसू दे. गल्लीतल्या बाया बघून आल्या. बिलकुल तुमीच बसल्यात म्हणल्या. एकीच्या बी ध्यानात आलं न्हाई. मला लई बरं वाटलं." ती मामाकडं वळली. "हीच ती पोरगी न्हाई का, मामा? डोळे दाखवायला कुणी मास्तरच्या घरी येत न्हाई."

मामानं होय अशी मान हलवली.

"पोरगी चांगली हाय. तोंडावर बोलती. ह्याला बी पसंत हाय, मी बघून राह्यले त्याच्याकडं." मास्तर मान वर करून काही म्हणणार होता, तिनं त्याला हातानं थांबवलं, त्याच हातानं. "पण मी करून घेणार न्हाई. ह्या घरात मला हात झाकून बसता येतं. ही आल्यावर मी कुठं झाकू?"

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं." एवढंच. माफ करा म्हणावं, तिच्या पायाला हात लावावा, असं आतून फार वाटत होतं. पण तोपर्यंतच्या आयुष्यात मी कुणाची माफी मागितली नव्हती, आणि ती कशी मागतात हे मला खरंच सुचलं नाही.

"माहीत नव्हतं ते मला बी समजतंय," ती म्हणाली. "चहा घे. गार झाला."

मी तो गार चहा पिऊन टाकला. तिच्या दुसऱ्या शब्दाची वाट बघत कप हातात धरून बसले. तो आला नाही.

मास्तर आम्हाला बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आला. मामा टांगा बघायला पुढं गेला तेव्हा तो मला म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर रबर काढतो चित्रात. रंग अजून निघेल."

"नका," मी म्हणाले. "तसंच राहू द्या."

तो हसला. माझ्या नखांकडं बघून म्हणाला, "तुमची मात्र बरी वाचली." मग टांगा आला. प्रदर्शनातलं आणि हे, त्याच्याशी माझं आयुष्यात झालेलं बोलणं इतकंच.

परतीच्या गाडीत मामानं तिकिटं काढली.  अंबडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "त्यांनी ना म्हणलं असं घरी सांगून चालायचं न्हाई. उद्या दुसरं स्थळ कोण आणील? अन् का ना म्हणलं ते बी सांगावं लागल. आपल्यालाच घर पसंत पडलं न्हाई, असं म्हणू. तू काय म्हणतीस?"

मी खिडकीबाहेर बघितलं. उसाच्या गाड्या रस्ता अडवून चालल्या होत्या, आमची एसटी त्यांच्या मागं रांगत होती. मी मनात ठरवत होते की, घरी गेल्यावर जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. आईला, आणि आई ज्यांना ज्यांना सांगेल त्या सगळ्यांना. मी काय बोलले, कुणासमोर बोलले, आणि त्या बाईनं मला का नाकारलं. शब्दसुद्धा जुळवले होते.

दिवेलागणीला घरी पोचलो. आईबरोबर शेजारच्या दोघीतिघी बसल्याच होत्या. मामानं पायावर पाणी घेता घेता सांगून टाकलं, "घर काय पसंत पडलं न्हाई आपल्याला. हिनं बी बघितलं."

आईचा चेहरा पडला. ती माझ्याकडं वळली. "तू तर सोता बघितलंस की. काय वाईट व्हतं त्या घरात?"

सगळ्याजणी माझ्याकडं बघत होत्या. शब्द जुळवलेले होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्याची आई. फार तुसडी आहे."

"मंग बरं झालं," आई म्हणाली. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. "तू कुणाची भीड धरून बोलणारी न्हाईस."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साऱ्या वस्तीत झालं की, जालन्याच्या मास्तरची आई तुसडी आहे, सुनेला नांदू देणार नाही. आमच्या बाजूचे ट्रकवाले शहागडला थांबत, तिथून पुढं जालन्याला जात. ते तिच्या गल्लीपर्यंत गेलं असणारच. पुढं त्या घरात कुणी मुलगी दिली की नाही, मला कळलं नाही. मी विचारलं नाही. मी बोललेलं ते वाक्य मी कधी खोडून काढलं नाही.